ब्रिटनच्या जुन्या लॉऱ्या आणि त्या चालविणारी माणसे

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे राजे, लढाया आणि तहनामे उभे राहतात. शाळेच्या पुस्तकात तेच छापलेले असते आणि परीक्षेतही तेच विचारले जाते. परंतु सैन्याला लागणारे धान्य कोणी वाहिले, गिरणीतील कापड बंदरापर्यंत कोणी पोहोचविले आणि शहराच्या बाजारात भल्या पहाटे भाजी कोणाच्या गाडीतून आली, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. वाचकहो, आपल्यापैकी कित्येकांच्या घरी चूल पेटते ती स्टिअरिंगवर, पान्यावर नाहीतर हमालीवर. अशा घरातील मुलाला, आपल्या वडिलांच्या धंद्यालाही इतिहास आहे, हे कोणी सांगितलेले नसते. म्हणून या लेखात लॉरीचा इतिहास सांगण्याचे योजिले आहे. तो ब्रिटनचा आहे, कारण लॉरीच्या धंद्याचे बालपण, तारुण्य आणि म्हातारपण त्या देशात एका शतकाच्या आत पाहावयास मिळते. शिवाय त्या देशात बनलेल्या गाड्या आपल्या मराठी मुलखातील रस्त्यांवरही धावल्या आहेत.

वाफेचा जमाना

ब्रिटनमध्ये रेल्वे लवकर आली, पण रस्त्यावरील यांत्रिक गाडीला कायद्याने बराच काळ जखडून ठेवले होते. १८६५ च्या कायद्यानुसार अशा गाडीला गावात ताशी २ मैल आणि गावाबाहेर ताशी ४ मैल एवढाच वेग ठेवता येई, आणि गाडीच्या पुढे एक माणूस लाल निशाण घेऊन चालत असे. माणसाच्या पायांनी जायचे तर यंत्र कशाला, असे लोकांना वाटले तर नवल नाही. १८९६ साली हा कायदा बदलला, हलक्या गाड्यांना ताशी १४ मैलांपर्यंत वेगाची मुभा मिळाली आणि एका नव्या धंद्याची वाट मोकळी झाली.

त्याच वर्षी लँकेशायर परगण्यातील लेलँड या गावी जेम्स समनर आणि हेन्री स्पुरिअर यांनी एक कंपनी काढली. समनर हा लोहारकामाच्या परंपरेतला. त्याने आधी गवत कापण्याच्या यंत्राला वाफेचे इंजिन बसवून पाहिले होते. आता त्याने दीड टन माल वाहणारी वाफेची गाडी तयार केली. 'लँकेशायर स्टीम मोटर कंपनी' हे तिचे पहिले नाव १९०७ साली बदलून 'लेलँड मोटर्स' झाले. आपल्या ट्रकवाल्यांच्या तोंडी असलेला 'लेलँड' हा शब्द म्हणजे मुळात एका लहान गावाचे नाव आहे, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे.

वाफेची लॉरी चालविणे सोपे नव्हते. पहाटे उठून आधी भट्टी पेटवावी लागे. वाफ तयार होईपर्यंत तासभर तरी गाडी जागची हलत नसे. गाडीवर दोन माणसे लागत, एक चालक आणि दुसरा कोळसा घालणारा. वाटेत ठराविक अंतरावर ओढा, तळे किंवा नळ पाहून पाणी भरावे लागे. धूर, राख आणि काजळी यांमुळे संध्याकाळी घरी परतलेला माणूस ओळखू येत नसे. तरीही फोडेन, सेंटिनेल, थॉर्निक्रॉफ्ट या कंपन्यांच्या वाफेच्या गाड्या अतिशय दणकट असत आणि कोळसा त्या देशात मुबलक होता. त्यामुळे पेट्रोलची लॉरी आल्यावरही वाफेने आपली जागा पुष्कळ वर्षे सोडली नाही.

महायुद्धाने दिलेला धंदा

पहिल्या महायुद्धापूर्वी ब्रिटनच्या युद्ध खात्याने एक हिशेबी योजना आखली होती. खात्याने ठरविलेल्या नमुन्याची लॉरी जो व्यापारी विकत घेईल त्याला सरकार अनुदान देई. अट एवढीच की युद्ध सुरू झाल्यास ती लॉरी सरकारच्या हवाली करावयाची. १९१४ च्या ऑगस्टमध्ये तो दिवस आला. कालपर्यंत पिठाची आणि साबणाची पोती वाहणाऱ्या गाड्या दारूगोळा घेऊन फ्रान्सच्या रस्त्यांवर धावू लागल्या.

युद्ध संपले तेव्हा सैन्याकडे हजारो लॉऱ्या शिल्लक होत्या आणि लॉरी चालविण्यास शिकलेले हजारो जवान बेकार होणार होते. सरकारने गाड्या विक्रीस काढल्या. सैनिकांना सेवामुक्त होताना जी रक्कम मिळाली तीतून कित्येकांनी एकेक जुनी लॉरी घेतली आणि दारावर स्वतःचे नाव रंगवून धंदा सुरू केला. ब्रिटनमधील बऱ्याच माल वाहतूक कंपन्यांचा जन्म असा एका लॉरीतून झाला आहे. मालकच चालक, मालकच मेकॅनिक आणि हिशेबाची वही बायकोच्या हाती, असा तो संसार होता. चढाओढ इतकी वाढली की भाडे दिवसेंदिवस उतरू लागले. गाडीचा हप्ता आणि टायरचा खर्च न मोजता भाडे घेणारे अनेक जण दोन-तीन वर्षांतच बुडाले. जे टिकले ते वही नीट ठेवणारे होते.

याच वेळी लेलँड कंपनीने जे केले ते व्यापाराच्या विद्यार्थ्याने अभ्यासण्यासारखे आहे. युद्धात तिने हवाई दलाला सुमारे ६ हजार गाड्या पुरविल्या होत्या. त्या मोडक्या अवस्थेत बाजारात आल्या तर आपले नाव खराब होईल, ही भीती मालकांना वाटली. म्हणून कंपनीने आपल्याच जुन्या गाड्या परत विकत घेतल्या, लंडनजवळ हॅम येथे कारखाना घेऊन त्या पूर्ण सुट्या केल्या आणि नव्यासारख्या करून विकल्या. या व्यवहाराचा कंपनीवर असा बोजा पडला की ती बुडता बुडता वाचली. परंतु 'लेलँडची गाडी दगा देत नाही' ही ख्याती मात्र तिने राखली, आणि पुढची चाळीस वर्षे ती त्या ख्यातीवर जगली.

सँडबॅचचे एक घराणे

चेशायर परगण्यातील सँडबॅच हे गाव फोडेन घराण्यामुळे लॉरीच्या इतिहासात अमर झाले आहे. एडविन फोडेन यांनी तेथे वाफेच्या गाड्यांचा कारखाना उभारला. १९०० साली या कारखान्याचा ब्रास बँड स्थापन झाला आणि त्याने देशभर नाव मिळविले. १९११ साली एडविन वारले. पुढे त्यांचे चिरंजीव एडविन रिचर्ड यांना दिसू लागले की वाफेचे दिवस भरत आले आहेत आणि उद्याची लॉरी डिझेलची आहे. कंपनीतील इतर मंडळींचा ओढा मात्र वाफेकडेच होता. ज्या यंत्राने घराण्याला वैभव दिले ते सोडावयाचे कसे, हा प्रश्न भावनेचाही होता.

अखेर साठी उलटलेल्या एडविन रिचर्ड यांनी वडिलांच्या नावाची कंपनी सोडली. ज्या वयात माणूस विश्रांतीचा विचार करतो त्या वयात त्यांनी मुलाला आणि दोन-चार जाणत्या सहकाऱ्यांना बरोबर घेऊन नवा डाव मांडला. त्याच गावात गाड्यांची बॉडी बांधणाऱ्या एका कारखान्यात जागा घेऊन १९३३ साली त्यांनी डिझेलची पहिली लॉरी बाहेर काढली. तिला मँचेस्टरजवळच्या गार्डनर कंपनीचे इंजिन बसविले होते. गाडीवर स्वतःच्या नावाची तीन आद्याक्षरे घातली, ई. आर. एफ. थोड्याच वर्षांत ही नवी कंपनी जुन्या कंपनीच्या बरोबरीने उभी राहिली. फोडेन कंपनीलाही शेवटी डिझेलकडे वळावे लागलेच. एका गावात, एकाच घराण्याच्या दोन कंपन्या सत्तर वर्षे एकमेकींशी स्पर्धा करीत होत्या.

कायद्याचा फेरा

वाफेच्या गाडीचा शेवट यंत्राइतकाच कायद्यानेही केला. लॉऱ्यांनी रेल्वेचा माल पळविण्यास सुरुवात केली होती. रस्ते सरकारच्या खर्चाने बांधलेले, तर रेल्वेचे रूळ तिच्या स्वतःच्या खर्चाचे. ही स्पर्धा बरोबरीची नाही, असे रेल्वे कंपन्यांचे म्हणणे होते. सर आर्थर सॉल्टर यांच्या अध्यक्षतेखाली १९३२ साली या प्रश्नाचा विचार झाला, आणि १९३३ च्या कायद्याने रिकाम्या गाडीच्या वजनानुसार भारी कर बसला. वाफेची लॉरी म्हणजे बॉयलर, कोळसा आणि पाणी यांचे ओझे. ती करातच चिरडली गेली. हलके डिझेल इंजिन तरले.

१९३३ च्याच दुसऱ्या कायद्याने परवान्यांची पद्धत आली. दुसऱ्यांचा माल भाड्याने वाहणाऱ्यास 'ए' परवाना, मर्यादित प्रमाणात तसे करणाऱ्यास 'बी' आणि केवळ स्वतःचा माल वाहणाऱ्यास 'सी'. 'ए' परवाना हवा असेल तर गाडीची गरज आहे हे सिद्ध करावे लागे आणि रेल्वे कंपन्यांना तेथे हरकत घेता येई. त्यामुळे लहान मालकाला गाडीइतकीच कागदपत्रांचीही काळजी वाहावी लागली.

याआधी १९३० च्या कायद्याने चालकाच्या कामाच्या तासांना मर्यादा घातली होती. सलग साडेपाच तासांपेक्षा अधिक आणि दिवसाच्या २४ तासांत ११ तासांपेक्षा अधिक गाडी चालवू नये, असा नियम झाला. कामाच्या तासांची नोंदही पुढे सक्तीची झाली. नियम चांगला होता, परंतु पोटासाठी खोट्या नोंदी करणारे चालक आणि तशा करावयास लावणारे मालक त्याही देशात होतेच. १९३८ साली माल वाहतुकीतील वेतनासंबंधी स्वतंत्र कायदा झाला तेव्हा चालकाच्या पगाराला थोडे संरक्षण मिळाले.

या ठिकाणी अर्नेस्ट बेव्हिन यांचे नाव घेतलेच पाहिजे. १८८१ साली सॉमरसेटमधील एका खेड्यात त्यांचा जन्म झाला. आठ वर्षांचे असताना आई गेली. अकराव्या वर्षी शाळा सुटली आणि शेतावर मजुरी सुरू झाली. पुढे ब्रिस्टल शहरात ते घोडागाडीवरून सोडा-पाण्याच्या बाटल्या पोहोचवीत. दिवसा गाडी हाकावयाची आणि संध्याकाळी प्रौढांच्या वर्गात जाऊन बसावयाचे, असा त्यांचा क्रम होता. याच गाडीवानाने १९१० साली ब्रिस्टलच्या गाडीवानांची संघटना बांधली. १९२२ साली वाहतूक कामगारांची देशातील सर्वांत मोठी संघटना उभी राहिली तिचे ते प्रमुख झाले. १९४० साली कामगार मंत्री आणि १९४५ साली ब्रिटनचे परराष्ट्र मंत्री झाले. शाळा सुटली म्हणून शिक्षण सुटले असे मानणाऱ्यांनी हे उदाहरण पुन्हा वाचावे.

रस्त्यावरचे आयुष्य

आता त्या काळच्या चालकाचे जीवन कसे होते ते पाहू. जड लॉरीला १९५७ सालापर्यंत ताशी २० मैल एवढीच वेगाची मर्यादा होती. नंतर ती ३० मैल झाली. लंडनहून ग्लासगो सुमारे ४०० मैल. यावरून प्रवास किती लांबत असेल याचा हिशेब विद्यार्थ्यांनीच करावा. रात्रीच्या नियमित फेऱ्यांत अर्ध्या वाटेवर दोन बाजूंनी आलेले चालक आपापल्या गाड्या बदलून घेत आणि परत फिरत, म्हणजे माल पुढे जाई आणि माणूस सकाळी घरी पोहोचे. ज्यांना ही सोय नव्हती ते वाटेवरील घरगुती खानावळीत एकेका खोलीत चार-सहा जण मिळून झोपत.

केबिनमध्ये हीटर नसे. इंजिन केबिनच्या मधोमध असल्यामुळे डावा पाय भाजून निघे आणि उजवा गारठून जाई. दाट धुक्यात पुढची काच वर उचलून, थंड वारा तोंडावर घेत गाडी हाकावी लागे. गिअर बदलताना क्लच दोनदा दाबून इंजिनाचा आवाज कानाने जोखावा लागे. चूक झाली की दात करकरत. पॉवर स्टिअरिंग नव्हते. भरलेली आठ चाकी गाडी वळविताना दंड भरून येत.

माल भरणे ही तर वेगळीच विद्या होती. तेव्हाच्या बहुतेक लॉऱ्यांना बंद पेटी नसे, मागे सपाट फळी असे. तिच्यावर पोती, पिंपे, लोखंडी सळ्या किंवा पेट्या अशा रचावयाच्या की वळणावर तोल जाऊ नये. वरून ताडपत्री टाकावयाची, तिच्या घड्या अशा घालावयाच्या की वारा आत शिरू नये, आणि दोराला एक विशिष्ट सरकती गाठ मारून तो ताणावयाचा. ही गाठ हाताची ताकद दुप्पट करते. नवशिक्याला ती जुना चालक शिकवी. एखाद्याने भरलेली गाडी नुसती पाहून तो कोणत्या कंपनीचा आणि कोणाच्या हाताखाली तयार झाला, हे जाणकार ओळखीत. आपल्याकडील क्लीनर आणि उस्ताद यांचे नाते ज्यांनी पाहिले आहे त्यांना हे वेगळे सांगावयास नको.

सर्वांत कठीण घाट म्हणजे उत्तरेकडील शॅप. ए-६ या रस्त्यावर सुमारे १४०० फूट उंचीवरून तो ओलांडावा लागे. लँकेशायर आणि स्कॉटलंड यांमधील सारा माल या वाटेने जाई. चढताना गाडी पायी चालणाऱ्याच्या वेगाने रखडे आणि उतरताना ब्रेक तापून निकामी होत. हिवाळ्यात बर्फ पडले की गाड्यांची रांग रात्र रात्र अडकून पडे. अशा वेळी आसपासचे शेतकरी दार उघडून चालकांना घरात घेत, गरम चहा आणि भाकरी देत. घाटाच्या पायथ्याशी 'जंगल कॅफे' नावाचे उपाहारगृह होते, त्याचे नाव प्रत्येक चालकाला ठाऊक असे. १९७० साली एम-६ हा महामार्ग शॅपवरून पुढे गेला आणि जुनी वाट ओस पडली.

पिकफर्ड्स आणि यांत्रिक घोडा

माल वाहतूक कंपन्यांत पिकफर्ड्सचे नाव सर्वांत जुने. सतराव्या शतकापासून चेशायरमधील हे घराणे घोड्यांच्या पाठीवरून माल वाही. १७७६ साली त्यांनी मँचेस्टर ते लंडन असा साडेचार दिवसांत पोहोचणारा घोड्यांचा 'उडता छकडा' सुरू केला. पुढे कालवे आले तेव्हा त्यांनी नावा घेतल्या, रेल्वे आली तेव्हा ते रेल्वेचे मालवाहक झाले, आणि लॉरी आली तेव्हा लॉऱ्या घेतल्या. १९३३ साली चार मोठ्या रेल्वे कंपन्यांनी मिळून ही कंपनी आपल्या ताब्यात घेतली. तिचा दबदबा विशेषतः अवजड मालासाठी होता. वॉटफर्डच्या स्कॅमेल कारखान्याने १९२९ च्या सुमारास १०० टन ओझे ओढणाऱ्या दोन लॉऱ्या बनविल्या. रेल्वे इंजिने, बॉयलर, विजेची प्रचंड यंत्रे त्यांवरून जात. मागच्या चाकांपाशी बसलेला दुसरा माणूस ती चाके वेगळी वळवीत असे. असे ओझे गावातून जाताना शाळेला सुट्टी दिल्यासारखी मुले रस्त्यावर गोळा होत.

याच स्कॅमेल कंपनीने १९३० नंतरच्या काळात रेल्वे कंपन्यांसाठी तीन चाकांची एक छोटी गाडी काढली. अरुंद गल्लीत घोडा जसा जागच्या जागी वळतो तशी ती वळे. तिला नावही 'यांत्रिक घोडा' असेच पडले. स्टेशनाबाहेरच्या हजारो घोड्यांची जागा तिने घेतली. ज्या गाडीवानांनी आयुष्यभर लगाम धरला त्यांना स्टिअरिंग धरावयास शिकविण्यात आले. जे शिकले ते कामावर राहिले.

सरकारी लाल लॉऱ्या

दुसऱ्या महायुद्धानंतर मजूर पक्षाचे सरकार आले आणि १९४७ च्या कायद्याने लांब पल्ल्याची माल वाहतूक सरकारने ताब्यात घेतली. हजारो खाजगी कंपन्या विलीन होऊन 'ब्रिटिश रोड सर्व्हिसेस' ही संस्था उभी राहिली. तिच्याकडे सुमारे ४० हजार गाड्या जमल्या. ज्याच्या दारावर बापाचे नाव होते त्या गाडीला लाल रंग आणि सरकारी सिंहाचे चिन्ह मिळाले. उरलेल्या लहान मालकांना आपल्या ठिकाणापासून २५ मैलांच्या आतच धंदा करण्याची मर्यादा पडली.

याचे दोन्ही पैलू सांगितले पाहिजेत. मालकांना भरपाई मिळाली, पण हयातभर जोडलेला धंदा गेला याचे दुःख भरपाईने भरून निघाले नाही. दुसऱ्या बाजूने, चालकांना ठराविक पगार, रजा आणि देखभाल केलेली गाडी मिळाली. लहान कंपनीत हाडे झिजविलेल्या अनेक चालकांना ते दिवस सुखाचे वाटले. १९५३ साली हुजूर पक्षाच्या सरकारने धोरण उलटे केले आणि लॉऱ्या पुन्हा खाजगी मालकांना विकावयास काढल्या. काहींनी तर आपल्याच जुन्या धंद्याची सुरुवात पुन्हा पहिल्यापासून केली.

या सरकारी वाहतुकीचा शेवट मात्र विलक्षण झाला. १९८२ साली 'नॅशनल फ्रेट' ही सरकारी कंपनी तिच्याच कर्मचाऱ्यांनी ५ कोटी ३५ लाख पौंडांना विकत घेतली. त्यात पिकफर्ड्सही होती. हजारो चालक, कारकून आणि मेकॅनिक यांनी आपली बचत घालून शेअर घेतले आणि नोकर होते ते मालक झाले. ज्यांनी ते शेअर जपून ठेवले त्यांचा पैसा काही वर्षांत अनेक पटींनी वाढला.

कारखान्यांचा अस्त

लेलँडच्या गाड्यांना बीव्हर, बायसन, हिप्पो अशी प्राण्यांची नावे असत. आठ चाकी गाडीचे नाव अर्थातच ऑक्टोपस. ए. ई. सी., गाय, अल्बियन, ॲटकिन्सन, सेडन, बेडफर्ड, कॉमर, डेनिस अशी आणखी कितीतरी नावे होती आणि जगाच्या पाठीवर सर्वत्र या गाड्या जात. मग हे वैभव गेले कसे?

कारणे अनेक आहेत. १९६८ साली लेलँड आणि मोटारींच्या कंपन्या एकत्र करून 'ब्रिटिश लेलँड' हा अवाढव्य संसार मांडला गेला. मोटारींच्या विभागातील तोट्याने लॉरीच्या विभागाचा पैसा खाल्ला. संपांनी कारखाने वारंवार बंद पडले. आणि एक कारण असे की ज्याकडे चालकांनी फार पूर्वीच बोट दाखविले होते. १९६७ साली स्वीडनची व्होल्वो लॉरी ब्रिटनमध्ये आली. तिची केबिन उबदार, बसावयास बरी आणि शांत होती. त्या वेळेपर्यंत बहुतेक कारखानदारांची समजूत होती की गाडी मजबूत असली की झाले, चालक कसाही बसेल. चालकांनी नवी गाडी चालवून पाहिली आणि मालकांकडे तीच मागितली. वर्षानुवर्षे ज्याचे ऐकले नाही त्याच माणसाने शेवटी बाजार फिरविला.

१९७९ साली साउथॉल येथील ए. ई. सी. कारखाना बंद झाला. १९८२ साली गाय, १९८६ साली बेडफर्डच्या लॉऱ्या, १९८८ साली वॉटफर्डचा स्कॅमेल कारखाना अशी एकेक दारे मिटली. फोडेन हे नाव २००६ साली आणि ई. आर. एफ. हे नाव २००७ साली संपले. फोडेनचा ब्रास बँड मात्र कंपनीच्या मागे उरला. लेलँड गावात लॉऱ्या बनतात, पण त्यांवर डॅफ हे डच नाव असते.

आपल्या रस्त्यांवर

ब्रिटनच्या या इतिहासाचे धागे आपल्या अंगणापर्यंत आले आहेत. १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर अशी एस. टी.ची पहिली गाडी सुटली, ती बेडफर्ड होती. लाकडी बॉडी आणि काथ्याची बैठक, असे तिचे रूप होते. त्या सुरुवातीच्या काळात एस. टी.कडे सेडन, अल्बियन, मॉरिस कमर्शिअल, कॉमर, लेलँड अशा ब्रिटिश गाड्यांचा मेळाच होता. तेव्हाच्या डेपोतील कारागिरांनी इतक्या निरनिराळ्या बनावटीच्या गाड्या सांभाळल्या, यातच त्यांच्या हुन्नराची साक्ष आहे.

मद्रास येथे १९४८ साली 'अशोक मोटर्स' स्थापन झाली. लेलँडशी करार झाल्यावर तेथे कॉमेट लॉऱ्या जोडल्या जाऊ लागल्या आणि १९५५ साली कंपनीचे नाव 'अशोक लेलँड' झाले. १९८२ साली तिचा कारखाना आपल्या भंडारा जिल्ह्यात आला. मूळ ब्रिटिश कंपनी मोडली, पण समनरच्या गावाचे नाव आपल्या घाटांतून फिरत राहिले.

आठवण कोणी ठेवावी?

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. हा सारा इतिहास आपल्याला ठाऊक आहे तो कशामुळे? सरकारी कागदांमुळे थोडा. पण ताडपत्रीची गाठ, शॅपवरील रात्र, वाफेच्या गाडीची पहाट हे सारे टिकले ते सामान्य माणसांनी जपले म्हणून. १९५८ साली ब्रिटनमधील हौशी मंडळींनी जुन्या मालगाड्यांसाठी एक संस्था काढली. १९६२ साली त्यांनी जुन्या लॉऱ्यांची लंडन ते ब्रायटन अशी वार्षिक फेरी सुरू केली. १९८३ साली लेलँड गावात व्यापारी वाहनांचे संग्रहालय उघडले. भंगारात आणि झुडुपांत गंजत पडलेल्या गाड्या निवृत्त चालकांनी आणि मेकॅनिकांनी शोधून काढल्या आणि सुट्टीच्या दिवशी पदरमोड करून दुरुस्त केल्या. अनेकांनी आपल्या आठवणी लिहिल्या. त्यांतले बरेच जण चौदाव्या-पंधराव्या वर्षी शाळा सोडलेले होते.

शॅपच्या घाटात एक स्मारकशिला उभारलेली आहे. ती कोणा सेनापतीची नाही. महामार्ग होण्यापूर्वी ज्या चालकांनी ती अवघड वाट चालू ठेवली, ज्यांनी तो रस्ता बांधला आणि ज्या गावकऱ्यांनी बर्फात अडकलेल्यांना अन्न आणि आसरा दिला, त्यांच्या नावे ती आहे.

विद्यार्थी मित्रहो, आपल्या मोहल्ल्यातही असे बुजुर्ग आहेत की ज्यांनी कसारा, खंबाटकी आणि आंबा घाट जुन्या गाड्यांतून ओलांडले, ज्यांनी गॅरेजमध्ये उस्तादाच्या हाताखाली पाने देत देत इंजिन शिकून घेतले. त्यांच्या शेजारी जाऊन बसा. पहिली गाडी कोणती होती, पगार किती होता, गाठ कशी मारीत, रात्री कोठे झोपत, हे विचारा आणि वहीत तारखेसह लिहून ठेवा. त्यांचा जुना परवाना, मालाची पावती, गाडीसमोर उभे राहून काढलेला फोटो यांना कागदाचे तुकडे समजू नका. आणि पालकहो, मुलगा असे काही विचारू लागला तर 'त्यात काय सांगायचे' म्हणून त्याला परतवून लावू नका. त्याला सांगा. तुम्ही जे हातांनी केले ते त्याने लेखणीने उतरवून ठेवावे, यासाठीच तर तुम्ही त्याला शाळेत घातले आहे.